फक्कीचे नऊ गोल

मी चिडकी आहे, हे आधीच सांगून टाकते. घरात सगळ्यांना ते माहीत आहे, माळावरच्या लोकांना माहीत आहे, आणि दर उन्हाळ्यात एखादा मोठा साहेब गाडीतून उतरून, कमरेवर हात ठेवून, चारी बाजूंना बघत "इथं तर काहीच नाही हो" म्हणतो, तेव्हा त्यालाही ते कळतं.

हा 'काहीच नाही' माळ पारनेरच्या पुढे आहे. डांबरी रस्ता संपतो, कांद्याची शेतं मागे पडतात आणि मग नुसतं गवत लागतं, कुसळीचं आणि पवन्याचं, मधेमधे उघडी मुरमाड जमीन. कागदावर ते अभयारण्य आहे, गावात त्याला हरणाचा माळ म्हणतात. काळवीट आहेत, खोकड आहे, लांडग्याची एक जोडी येऊनजाऊन असते. चंडोल तर इतके, की सकाळी त्यांच्या गोंगाटात स्वतःचा फोन वाजलेला कळत नाही. सरकारी कागदात या सगळ्याला 'अवनत क्षेत्र' म्हणतात. अवनत! म्हणजे इथे जंगल असायला हवं होतं आणि ते बिचारं घसरत घसरत गवतापर्यंत आलं. हा माळ माणसाच्या आठवणीच्या आधीपासून माळच आहे. झाड नाही म्हणजे जमीन मेली असं ज्यांना वाटतं, त्यांना मी एकदा कुसळं पिकलेली असताना इथून अनवाणी चालायला लावणार आहे.

मी इथे वन्यजीव संशोधक म्हणून काम करते. पुण्यातली एक छोटी संस्था मला पगार देते आणि वनखातं मला माळावर फिरायची परवानगी देतं, दरवर्षी नव्याने आणि दरवर्षी उशिरा. काम म्हणजे बहुतेक चालणं. उजाडल्यापासून उन्हाने डोळे दिपेपर्यंत चालायचं, दुर्बिणीतून बघायचं, वहीत लिहायचं. माझा भाऊ राहुरीला शेती करतो. तो म्हणतो, "ताई, ऊन खायचा पगार मिळवणारी आख्ख्या जिल्ह्यात तू एकटीच." त्याला माझा माळ दाखवला तेव्हा त्याने मुरूम मुठीत घेऊन बघितला आणि इथे पेरू येईल का याचा अंदाज केला. मी त्याच्याशी परत येईपर्यंत बोलले नाही.

माझा पक्षी आहे धाविक. टिटवीहून लहान, उंच पायांचा, अंगाने तांबूस, डोळ्यावरून काळी-पांढरी पट्टी गेलेली. दहा पावलं धावतो, थांबतो, वाकून काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. तो घरटं बांधत नाही. उघड्या जमिनीवर, शेळ्यांच्या लेंड्या पडलेल्या असतात अशा जागी, दोन किंवा तीन अंडी घालतो. अंडी इतकी मातीसारखी, की डोळ्यांसमोर असून दिसत नाहीत. वैशाखाच्या उन्हात नर-मादी आळीपाळीने त्यांच्यावर उभे राहतात, बसत नाहीत, नुसती सावली धरतात. चोच उघडी, गळा थरथरतोय, पण हलत नाहीत. हे पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी ठरवलं की माझी पुढची वर्षं यांच्या मागे जाणार.

अंडी शोधायला मला शिकवलं मामांनी. मामा म्हणजे अभयारण्यातले वनमजूर, पंचावन्नच्या आसपासचे, जवळच्या वाडीतले. तरुणपणी मेंढरं राखायचे. सगळे त्यांना मामा म्हणतात म्हणून मीही म्हणते. "ताई, पक्षी कुठं हाय ते बघू नका," ते म्हणाले होते, "कुठून चालत आला ते बघा." एवढ्या एका वाक्यात त्यांनी माझं दोन वर्षांचं काम सोपं केलं. सापडलेल्या अंड्यांची आमची खूणही त्यांचीच: अंड्यांपासून उत्तरेला दहा पावलांवर तीन खडे. दुसऱ्या कुणाला समजणार नाही अशी. ठळक खूण केली की कावळ्याला आणि खोकडाला ती वाचता येते.

हे सगळं घडलं त्या वर्षी पश्चिमेच्या उतारावर नऊ घरटी होती. इतकी एका ठिकाणी मी कधीच पाहिली नव्हती. आणि त्याच उतारावर झाडं लावायचं ठरलं.

मला ते ऑफिसात कळलं, परवानगीची चौकशी करायला गेले तेव्हा. साहेब, म्हणजे आमच्या अभयारण्याचे वनक्षेत्रपाल, आनंदाने म्हणाले, "मॅडम, तुमचा माळ हिरवा होणार." कडुनिंब, करंज आणि काय काय. खड्डे उन्हाळ्यात, लागवड पावसाळ्यात. मी विचारलं, पश्चिमेचा उतारच का? तर म्हणे तिथे ट्रॅक्टर चढतो. एवढंच कारण. मी तिथेच आवाज चढवला. झाडं आली की धाविक जातो, त्याला लांबवर दिसावं लागतं, झाडावर कावळा बसतो, शिक्रा बसतो, मग खाली अंडी टिकत नाहीत, हे सगळं मी एका दमात बोलले. साहेब शांतपणे ऐकत होते. ते कधीच चिडत नाहीत, आणि त्यामुळे मी जास्त चिडते. शेवटी म्हणाले, "काम वरून आलंय, थांबवता येणार नाही. पण तुमची घरटी सोडून खड्डे घेऊ. नकाशा द्या, आणि जागेवर आमच्या लोकांना दिसेल अशी खूण करून द्या. उगाच तीन खडे वगैरे नको."

मी हे कबूल केलं. यात माझा मूर्खपणा किती, ते पुढे येईलच.

नकाशा मी दुसऱ्या दिवशी दिला. साहेबांनी तो टेबलाच्या काचेखाली सरकवला. मग मी आणि मामांनी चुन्याची फक्की नेली आणि प्रत्येक घरट्याभोवती एक गोल आखला. अंड्यांवर पक्षी परत यायला वेळ लागू नये म्हणून घाईघाईने, वाकून, मुठीतून फक्की सोडत. गोल साधारण झाडाच्या आळ्याएवढा. मामा दोनदा म्हणाले, "ताई, लई चमकतंय हे." मी म्हणाले, चमकू दे, आठ दिवसांचा प्रश्न आहे. काम आठ दिवसांनी सुरू होणार होतं आणि त्या वेळी मी तिथे उभी राहणार होते. नऊ गोल झाल्यावर मी लांबून पाहिलं आणि मला बरं वाटलं. शाळेतल्या मैदानासारखं नीट, स्वच्छ दिसत होतं.

चौथ्या दिवशी साहेबांचा फोन आला. नगरला वरिष्ठांची बैठक आहे, तुम्ही तुमच्या पक्ष्याबद्दल बोला, मॅडम, लोकांना कळू दे. मी गेले. खूश होऊन गेले, हे लिहिताना आजही लाज वाटते. पडद्यावर धाविकाचा फोटो लावून मी अर्धा तास बोलले. सावली धरणाऱ्या मादीचा फोटो आला तेव्हा दोघातिघांनी "वा" म्हटलं. माझा फोन बंद होता. बाहेर येऊन चालू केला तर मामांचे अकरा मिस्ड कॉल.

ट्रॅक्टर दुसऱ्या तालुक्यातलं काम लवकर संपवून मोकळा झाला होता, म्हणून ठेकेदाराने चार दिवस आधी माळावर पाठवून दिला. मामांना त्या सकाळी विश्रामगृह झाडायला धाडलेलं होतं. नकाशा काचेखाली होता. आणि ट्रॅक्टरवाल्याने उतारावर येऊन काय पाहिलं? फक्कीचे नऊ गोल.

आमच्या जिल्ह्यात फक्कीचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मांडवाचे खांब, घराचा पाया, डाळिंबाची बाग, शेततळं, सगळीकडे आधी फक्की पडते आणि मग तिथे खोदतात. आळ्याएवढा गोल म्हणजे मधोमध झाडाचा खड्डा. मी इथलीच आहे. लहानपणापासून हे बघत आले. बाहेरून कुणी आलं असतं आणि त्याने ही चूक केली असती, तर मी त्याला उभं आडवं झापलं असतं. मला हे सुचू नये?

मी पोचले तेव्हा दुपार उतरत होती. उतारावर दोरी धरून पाडल्यासारखे रांगेत खड्डे होते, प्रत्येकाच्या कडेला मुरमाचा ढीग. रांगांच्या बाहेर, वेडेवाकडे, आठ खड्डे जास्त होते, पांढऱ्या गोलांच्या बरोबर मधे. मी एकाच्या काठावर बसून माती चाळली. कवचाचा एक तुकडा बोटाला लागला आणि पुढची माती मी चाळली नाही.

नवव्या गोलात मामा बसले होते. अंड्यांच्या शेजारी, मांडी घालून, डोक्यावर टॉवेल. विश्रामगृहातून ट्रॅक्टरचा आवाज ऐकून ते धावत सुटले होते आणि पोचेपर्यंत हा एकच राहिला होता. ट्रॅक्टरवाल्याने हॉर्न वाजवला, विनवलं, तरी उठले नाहीत. "उठलो असतो तर हेबी गेलं असतं," एवढंच म्हणाले. त्यांचे ओठ सुकून फुटले होते. मी त्यांना पाणी दिलं आणि आम्ही दोघं लांब जाऊन बसलो. बराच वेळ काही झालं नाही. मग मादी आली, धावत, थांबत, धावत, आणि अंड्यांवर उभी राहिली.

ट्रॅक्टरवाला अजून तिथेच होता, उताराच्या पायथ्याशी असलेल्या एकुलत्या बाभळीखाली, डबा सोडून बसलेला. चाळिशीचा, अंगात स्वच्छ शर्ट. मी त्याच्यावर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, जे आठवतं ते लिहिण्यासारखं नाही. त्याने हातातली भाकरी खाली ठेवली.

"मॅडम, रांगेत बसत न्हवते ते," तो म्हणाला. "तरी मुद्दाम घेतले. म्हटलं कुनी एवढं चांगलं आखून दिलंय, तर सोडायचं कसं? मला काय म्हाईत अंडी हायेत. सांगाया कोन हुतं हितं?"

त्याने आमचे गोल सोडून दिले असते, आळस केला असता, तर नऊच्या नऊ घरटी वाचली असती. त्याने काम चोख केलं होतं. माझा राग त्याच्यावरून घसरला आणि कुठे ठेवावा ते कळेना. तो परत माझ्याकडेच आला.

तीन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. चहा आला. काच होती, काचेखाली माझा नकाशा होता, आणि साहेबांचा हात त्यावर होता.

"वाईट झालं, मॅडम."

मी म्हणाले, "त्या उतारावर आता झाडं लावायची नाहीत. खड्डे बुजवा. एक जोडी अजून तिथे आहे. पुढच्या वर्षी बाकीच्या आल्या तर त्यांना उघडी जमीन पाहिजे."

"तेच तर अडतंय," ते म्हणाले. "खड्डे लागवडीच्या उद्दिष्टात धरले गेले. धरलेला खड्डा रिकामा ठेवता येत नाही, त्यात झाड लावावंच लागतं. रद्द करायचा असेल तर कारण लागतं. आखणीच चुकली होती, असं कुणी लेखी दिलं, तर मला तो आख्खा उतार रद्द करता येईल."

"ठेकेदार देईल की. चार दिवस आधी तो आला."

"त्याने खुणेप्रमाणे काम केलं. खुणा तुमच्या."

"तुम्ही सांगितल्या म्हणून केल्या. नकाशा तुमच्या हाताखाली आहे, साहेब. आत्ता, या क्षणी."

त्यांनी हात उचलून नकाशाकडे पाहिलं आणि परत ठेवला. "मी चांगल्यासाठी सुचवतोय. पाऊस लागला की रोपं येणार. तुम्ही बघा."

म्हणजे उतार वाचवायचा तर मी लिहून द्यायचं, की खात्याला न विचारता, चुकीच्या पद्धतीने खुणा केल्या आणि माझ्या निष्काळजीपणामुळे आठ घरटी गेली. न लिहिलं तर करंज लागणार. चहाचा कप टेबलावर आपटून मी बाहेर आले. आवारात उभी राहून मनातल्या मनात त्या माणसाला दिलेल्या शिव्या माझ्या मास्तर वडिलांनी ऐकल्या असत्या, तर त्यांनी मला या वयातही ओणवं केलं असतं.

मामांना सांगितलं तर ते म्हणाले, "लिवू नका, ताई. खोटं हाय ते."

"मग झाडं लागतील."

"लागू द्यात. खोट्यावर सही न्हाई करायची मानसानं."

मला त्यांचाही राग आला. उन्हात मांडी घालून बसणारा हाच माणूस, आणि आता याला स्वतःचे हात स्वच्छ हवेत! मी म्हणाले, "मामा, खरेपणावर धाविक अंडी घालत नाही. त्याला जमीन लागते." साक्षीदार म्हणून त्यांची सही मागितली तेव्हा त्यांनी ऑफिसच्या दारातूनच मान हलवली आणि निघून गेले. त्या जागी एका कारकुनाची सही झाली, ज्याने धाविक कधी पाहिला नव्हता.

कागद मी माझ्या हाताने लिहिला. साहेबांनी मसुदा तयार ठेवला होता, पण त्यात शुद्धलेखनाच्या चुका होत्या. माझा गुन्हा तरी नीट मराठीत असावा म्हणून मी तो नव्याने लिहिला. 'निष्काळजीपणा' हा शब्द लिहिताना पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावर उमटलं.

साहेबांनी शब्द पाळला. उतार रद्द झाला. खड्डे बुजवायला माणसं मात्र दिली नाहीत, ते तुमचं तुम्ही बघा म्हणाले. तेव्हा मी आणि मामांनी फावडी घेतली. आम्ही आधी एकमेकांशी बोलत नव्हतो, चौथ्या-पाचव्या खड्ड्याला बोलायला लागलो. वाचलेल्या घरट्याच्या बाजूचे खड्डे आम्ही पिल्लं निघून लांब जाईपर्यंत तसेच ठेवले. एका रविवारी तो ट्रॅक्टरवाला आपणहून आला, मागे सपाटीची फळी लावून. कुणी बोलावलं नव्हतं. त्याने ढीग ओढले, आम्ही माती दाबली आणि वरून खडे पसरले, कारण मऊ मातीवर धाविक उभा राहत नाही. मी त्याला म्हणाले, त्या दिवशी मी जास्त बोलले. तो म्हणाला, "बोलला तर बोलला. पन आता कुठं फक्की दिसली की मी आदी उतरून बघतो."

तो कागद पुढे फिरला. पुण्यात माझ्या संस्थेला त्याची प्रत गेली. प्रमुखांनी मला बोलावून सगळं ऐकून घेतलं, विश्वास ठेवला आणि तरीही पुढच्या अहवालात माझं नाव दुसऱ्या ओळीवर नेलं. एका परिषदेत जेवणाच्या रांगेत मागे कुणीतरी हळूच म्हणालं, "हीच ना ती, घरट्यांत खड्डे पाडणारी?" मी ताट घेऊन वळले आणि म्हणाले, "हो, मीच. आठ." त्या बाईचा चेहरा पडला. मला त्याचा आनंद झाला नाही.

पुढच्या वैशाखात उतारावर पाच जोड्या आल्या. एकीने तर बुजवलेल्या खड्ड्यापासून हातभरावर अंडी घातली. मी वहीत जागा लिहिली, नकाशा काढला नाही, ऑफिसात गेले नाही.

आणि मग एका सकाळी गाडी आली. साहेब, त्यांच्याबरोबर कुणी मोठे पाहुणे, बायकामुलं, गळ्यात हातभर लांब कॅमेरे. साहेब लांबूनच हसत आले. "मॅडम, धाविकाची अंडी दाखवा ना. मी यांना सांगितलंय, आमच्याकडे आख्ख्या उतारावर घरटी आहेत. आपण तो उतार राखला."

आपण!

सात वर्षांत मी एकही खोटी नोंद केलेली नाही. पाऊस मोजायच्या नळीत एक रेघ इकडची तिकडे केली नाही. मी साहेबांच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "इथे घरटी नाहीत."

"अहो, असं कसं? गेल्या वर्षी तर..."

"गेल्या वर्षीची मी मारली. माझ्या निष्काळजीपणामुळे. तुमच्याच फायलीत आहे, माझ्या सहीने."

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पहिल्यांदाच लाल झालेला मी पाहिला. ते काही बोलणार होते, पण त्या कागदाचं एक अक्षरही त्यांना चारचौघांत नाकारता येत नव्हतं. पाहुण्यांतली एक बाई चारी बाजूंना बघून म्हणाली, "खरंच, इथं तर काहीच नाही," आणि सगळे गाडीकडे वळले.

माझ्या पाठीमागे तीस पावलांवर मादी अंड्यांवर सावली धरून उभी होती. गाडी उताराखाली दिसेनाशी होईपर्यंत मी मान वळवली नाही.